ठेवी इथल्या, कर्जे तिथली

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला नकाशा वाचतानाही खतावणी आठवते. सध्या मी लुबुम्बाशी या शहराविषयी हाती येईल ते वाचतो आहे. कांगोच्या आग्नेय कोपऱ्यात, सुमारे 1,200 मीटर उंचीच्या पठारावर वसलेले हे तांब्याचे शहर. झांबियाची सरहद्द इथून शंभर किलोमीटरच्या आत. देशाची राजधानी किन्शासा मात्र दीड हजार किलोमीटरहून दूर. शहराची निम्मी कुंडली या दोन आकड्यांतच आली.

बेल्जियनांनी 1910 साली हे गाव आखले आणि आपल्या राणीच्या नावाने त्याचे ‘एलिझाबेथव्हिल’ असे बारसे केले. त्याच साली रेल्वे आली, तीही राजधानीकडून नव्हे तर दक्षिणेकडून, आजच्या झांबियातून. पुढच्या वर्षी भट्टी पेटली. 1906 मध्ये स्थापन झालेली युनियन मिनिएर ही खाणकंपनी इथली खरी मायबाप. भट्टीचे उंच धुराडे आणि त्याशेजारी साचलेला धातुमळीचा काळा डोंगर ही शहराची ओळख झाली. गोऱ्यांची वस्ती एकीकडे, आफ्रिकी मजुरांची दुसरीकडे आणि मध्ये मुद्दाम मोकळा राखलेला पट्टा, अशी ही नगररचना होती. कामालोंडो, केनिया, कातुबा या आफ्रिकी वस्त्या आज शहराच्या सात ‘कम्यून’पैकी तीन आहेत. कम्यून म्हणजे स्वतःचा प्रमुख असलेला नागरी विभाग.

पैसा इथे निघतो, हिशेब मात्र दुसरीकडे होतो, ही सल इथल्या राजकारणाच्या मुळाशी आहे. कांगो 30 जून 1960 रोजी स्वतंत्र झाला आणि अकराच दिवसांनी, 11 जुलैला, मोईस चोम्बे यांनी कटांगा प्रांत वेगळा झाल्याचे जाहीर केले. कंपनीने आपला कर केंद्राऐवजी त्यांच्या तिजोरीत भरला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांची 17 जानेवारी 1961 रोजी याच शहराजवळ हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपले जवानही होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया 5 डिसेंबर 1961 रोजी इथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जानेवारी 1963 मध्ये फुटीर राज्य संपले.

मग नावे बदलली. 1966 मध्ये शहर लुबुम्बाशी झाले. 1967 च्या आरंभी कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. तीच पुढे ‘जेकामिन’. मोबुटूंच्या राजवटीत प्रांताचे नाव ‘शाबा’ झाले. स्वाहिलीत शाबा म्हणजे तांबे! ते सत्तेवरून गेल्यावर 1997 मध्ये कटांगा हे नाव परतले. पण 2015 मध्ये प्रांताचेच चार तुकडे झाले: ओ-कटांगा, लुआलाबा, ओ-लोमामी आणि टांगानिका. तांबे व कोबाल्टचा पट्टा लुबुम्बाशीपासून लिकासीमार्गे कोल्वेझीपर्यंत जातो, म्हणजे पहिल्या दोन प्रांतांतून. उरलेल्या दोघांच्या वाट्याला प्रांताचा दर्जा आला, ती खाण आली नाही.

आमच्या व्यवसायात ‘कर्ज-ठेव प्रमाण’ नावाची एक संज्ञा आहे. तालुक्याच्या शाखेत शेतकऱ्याच्या ठेवी जमतात आणि त्यातून कर्जे मिळतात ती शहरातल्या कारखानदाराला. ताळेबंद चोख असतो. गाव तेवढे कोरडे राहते. कांगोच्या 2006 च्या राज्यघटनेने यावर कागदोपत्री उत्तम तोड काढली: राष्ट्रीय महसुलाचा 40 टक्के वाटा प्रांतांचा, आणि तो त्यांनी जागच्या जागीच राखून घ्यायचा. प्रत्यक्षात पैसा आधी किन्शासाला गेला आणि परत येताना रोडावला. म्हणून 2018 च्या खाण कायद्यातली तरतूद मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यानुसार स्वामित्वधनाचे 50 टक्के केंद्राला, 25 प्रांताला, 15 खाणीच्या जागच्या स्थानिक संस्थेला आणि 10 टक्के भावी पिढ्यांसाठीच्या निधीला.

हे 15 टक्के मोलाचे आहेत, कारण धूळ आणि गढूळ पाणी ज्यांच्या दारात येते, त्यांच्याच कचेरीत ते जमा व्हायचे आहेत. मात्र खाते उघडणे आणि खातेदाराला पासबुक दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती आले, कशावर गेले, हे त्या वस्तीतल्या माणसाला विचारता आले पाहिजे. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक कांगोतून येते. आपल्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीतही त्याचा कण असण्याचा संभव आहे. तेव्हा हे खाते परक्यांचे, असे म्हणून वही मिटायला माझे मन तरी धजत नाही.