हिरवं तर दिसतंय, पण जंगल आहे का?

ऑगस्टमध्ये वेल्ह्याला जाऊन बघा. तोरण्याचा उतार हिरवा, भाताची खाचरं हिरवी, कारवी हिरवी, देवराई हिरवी! आता सांगा बरं, यातलं जंगल किती?

हाच प्रश्न उपग्रहालाही पडतो. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह जमीन 10 बाय 10 मीटरच्या चौकोनांत पाहतात. कबड्डीच्या मैदानापेक्षा जरासा लहान चौकोन! जिवंत पान लाल प्रकाश अन्न तयार करायला शोषून घेतं आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र भरपूर परत पाठवतं. या दोन्हींतल्या फरकावरून हिरवाई मोजता येते. पण पावसाळ्यात आधी ढगच आडवे येतात, आणि ढग हटले तरी गवत काय, भात काय, झाड काय, सगळीच हिरवीगार. म्हणून एप्रिलमधलं चित्र बघायचं. तेव्हा गवत वाळलेलं असतं, खाचरं रिकामी असतात आणि डोंगरउतारावर एखादाच गर्द हिरवा ठिपका उरतो. ती बहुधा देवराई!

तरीही झाडं किती उंच, हे काही कळत नाही. आणि खरी गंमत तर इथेच आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 2018 साली ‘गेडी’ नावाचं यंत्र बसवलं. ते खाली लेसरचा झोत सोडतं. थोडा प्रकाश शेंड्यावरून परततो, थोडा मधल्या फांद्यांवरून आणि उरलेला पानांच्या फटींतून थेट जमिनीला टेकून. झाड 20 मीटर उंच असेल, तर शेंड्याचा आणि जमिनीचा प्रकाश परतण्यात सेकंदाच्या साधारण 75 लाखाव्या भागाइतका फरक पडतो. तेवढ्यावरून उंची निघते! कारवीचं रान आणि जुनी देवराई इथे लगेच वेगळी ओळखू येतात. कारवी दोन-तीन मीटरांवर संपते. देवराईत मात्र उंच झाडं, त्यांच्याखाली लहान झाडं, त्याखाली झुडपं असे मजले सापडतात. उजाड उतारावर हे मजले पुन्हा चढू लागले, तर जंगल परत येतंय म्हणायचं. अर्थात सह्याद्रीचे तीव्र उतार लेसरलाही चकवतात. एकाच झोतात वरची जमीन आणि खालची जमीन दोन्ही येतात, मग उंचीचा हिशेब चुकू शकतो.

आणि ढगांचं काय? त्यासाठी इस्रो आणि नासाचा ‘निसार’ 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याच्या रडारची एक लहर सुमारे 24 सेंटिमीटर लांबीची आहे. ती ढगांतून सहज पार होते, पानांतून शिरते आणि खोडाफांद्यांवर आपटून परतते. दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो. म्हणजे वेल्ह्यात जुलैचा पाऊस कोसळत असतानाही त्याचं काम चालूच!

पण परतलेली लहर नेमकी किती लाकडाची, हे त्याला कोणी सांगायचं? त्यासाठी कुणीतरी टेप घेऊन रानात जावं लागतं. जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला, टेप खोडाभोवती गुंडाळायचा, घेर वाचायचा, वहीत लिहायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं.