यकृतातील खडे : निष्कासन की छेदन?

मूत्रमार्गातील खड्याला मराठीत ‘मुतखडा’ हा रुळलेला शब्द आहे. सुश्रुतसंहितेतील अश्मरीही मूत्राशयाचीच. यकृतांतर्गत पित्तनलिकांतील खड्याला मात्र असे घरगुती नाव नाही, आणि ते नाही हे एका परीने बरेच. कारण खडा काढला की रोग गेला, ही ‘खडा’ या शब्दातली समजूत येथे लागू पडत नाही. पूर्व आशियात विशेष आढळणाऱ्या आणि काश्मीर खोऱ्यात पित्तमार्गात शिरणाऱ्या जंतांशी निगडित असलेल्या या विकारात मूळ दोष बहुधा नलिकेचा असतो. ती आकसते, पित्त साचते, जंतुसंसर्ग होतो आणि तपकिरी, ठिसूळ खडे बनतात.

मोठा छेद टाळणाऱ्या दोन प्रमुख पद्धतींतील भेद येथूनच सुरू होतो. पहिलीत त्वचेतून यकृतात सुईने वाट करून ती टप्प्याटप्प्याने रुंदावतात आणि दुर्बिणीतून पाहत खडे फोडून काढतात. यकृत शाबूत राहते. परंतु आकसलेली नलिकाही मागे राहते. फुग्याने ती रुंदावता येते, तरी पुन्हा खडे होण्याचे भय उरतेच. दुसरीत पोटावरील लहान छिद्रांतून यकृताचा बाधित भागच खड्यांसह कापून काढतात. रक्तस्राव व पित्तगळतीचा धोका येथे अधिक. मात्र दीर्घकाळ सुजलेल्या नलिकेत कर्करोग उद्भवू शकतो, हे ध्यानी घेता विकार एकाच भागापुरता असल्यास छेदनाचे पारडे जड ठरते. दोन्ही बाजू बाधित असतील, तर उरणारे यकृत पुरेसे पडत नाही आणि पहिल्याच वाटेकडे वळावे लागते.