आसन जवळ आलं, आता पावलं

बीडकडून पाहिलं तर अँग्लिकन चर्चचा इतिहास म्हणजे बिशपाचं आसन हळूहळू जवळ येण्याचा इतिहास आहे. १८१४ साली ते कलकत्त्याला होतं. १८३७ मध्ये थॉमस कार यांच्या रूपानं मुंबईला आलं, १९२९ मध्ये नाशिकला, आणि आज तर मराठवाड्याच्या नावाचाच धर्मप्रांत आहे. धर्मप्रांतांच्या इतक्या वाटण्या कशासाठी? या परंपरेची एक अट त्याच्या मुळाशी आहे. बाप्तिस्मा पाळक देतो, दृढीकरणाला मात्र बिशपच लागतो. उमेदवार गुडघे टेकतो, बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतो. हा हात टपालानं पाठवता येत नाही. पाळकाला दीक्षाही त्याच हातानं मिळते. आसन दूर असलं, की बीडसारख्या निजामी मुलखातल्या मंडळीच्या नशिबी वाट पाहणं आलंच.

पण नुसतं अंतर घटून भागत नाही. आसनावर बसणाऱ्याला खेडं ठाऊक हवं, आणि त्यासाठी तो युरोपीयच असायला हवा असं नाही. नाशिकचे पहिले बिशप फिलिप लॉइड त्याआधी मिरीत मिशनरी होते, म्हणजे बीडला लागून असलेल्या पाथर्डी तालुक्यात. निजाम राज्याच्या पूर्व टोकाला, डोर्नकलला, १९१२ मध्ये व्ही. एस. अझरिया पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, तेव्हा भारतीयाच्या हाताखाली युरोपीय मिशनरी कसे राबतील, अशी शंका घेतली गेली. अझरियांनी १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो धर्मप्रांत सांभाळला आणि वाढवला. शंकेला याहून चोख उत्तर नाही.

कुणी म्हणेल, बिशप वाढले की कचेऱ्या आणि खर्च वाढतो. मंडळी तर पाळकच सांभाळतो. यात तथ्य आहे. तरी १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, त्यात अँग्लिकनांबरोबर बिशप नसलेल्या परंपराही सामील झाल्या, आणि बिशपपद टिकलं. रोजची काळजी पाळकाची असली, तरी एकटं पडलेल्या पाळकाची काळजी घेणारंही कुणी लागतंच.

खरी अडचण पुढे आहे. दिवाळीच्या सुमारास बीडमधली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावंच्या गावं ओस पडतात. अशा जिल्ह्यात बिशपांचा नाताळचा दौरा गावापुरता आखून चालणार नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ आसन सरकत इथवर आलं; आता बिशपांनी उसाच्या फडापर्यंत, पालापर्यंत चालत जावं.