जठराच्या भिंतीतली वाट

जठराची भिंत जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड असते, पण तेवढ्यात चार थर बसलेले असतात. आतून, अन्नाला लागून, अस्तर. त्याखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला एक सैल, मऊ थर. मग स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. कॅन्सर अस्तरात उगवला असेल आणि खाली उतरला नसेल, तर आज डॉक्टर तोंडावाटे दुर्बीण आत घालतात, त्या मऊ थरातून आडवी वाट काढतात आणि कॅन्सर असलेला अस्तराचा तेवढाच तुकडा अखंड सोडवून तोंडावाटेच बाहेर आणतात. पोटावर एकही टाका पडत नाही आणि जठर जागच्या जागी राहतं. हे सगळं सेंटिमीटरभर जाडीच्या नळीतून होतं, यावर पहिल्यांदा वाचताना माझा विश्वासच बसेना. या पद्धतीचं नाव एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन. डॉक्टर तिला ईएसडी म्हणतात.

इथवर यायला किती वेळ लागला पाहा. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका बाईच्या जठराचा कॅन्सरग्रस्त भाग कापला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. अशा ऑपरेशनमधून रुग्ण वाचल्याची ती पहिलीच वेळ. चार महिन्यांनी कॅन्सर उलटला आणि ती गेली, पण रस्ता खुला झाला. पुढची शंभर वर्षं हाच उपाय होता: पोट उघडायचं आणि जठर काढायचं, थोडं किंवा सगळं. जठर गेलेला माणूस जगतो, पण त्याचं जेवण पूर्वीसारखं राहत नाही. दिवसातून अनेकदा थोडंथोडं खावं लागतं, कधी जेवणानंतर घाम फुटतो, छाती धडधडते. संपूर्ण जठर काढलं असेल तर जीवनसत्त्व बी-१२ जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं. लॅपरोस्कोपी आली तेव्हा जखम लहान झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये या तऱ्हेने पित्ताशय काढलं आणि जपानमध्ये १९९१ मध्ये जठराचा भागही असा काढला गेला. तरी जठर जायचं ते जायचंच.

जठर वाचवण्याचा विचार जपानमध्ये रुजला, कारण हा आजार तिथे घरोघरचा होता. १९५० मध्ये डॉ. तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे इंजिनिअर यांनी गिळता येईल असा कॅमेरा तयार केला. नळीच्या टोकाला इवलीशी फिल्म आणि दिवा. दिवा आत चमकला की अंधाऱ्या खोलीत पोटाच्या कातडीतून उजेड दिसायचा आणि त्यावरून डॉक्टर कॅमेरा कुठे पोचला ते ओळखायचे! पुढे तिथे मोठ्या प्रमाणावर तपासण्या सुरू झाल्या आणि कसलाच त्रास नसलेल्या माणसांतही अगदी लहान कॅन्सर सापडू लागले. एवढ्याशा डागासाठी अख्खं जठर काढायचं?

भीती असते ती लसिका ग्रंथींची. कॅन्सर तिथे पोचला असेल तर नुसता डाग काढून भागत नाही. ताकुजी गोतोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या ५,२६५ रुग्णांचे अहवाल तपासून २००० साली निष्कर्ष मांडला. ज्यांचा कॅन्सर अस्तरापुरता होता, तीन सेंटिमीटरपेक्षा लहान होता आणि ज्याच्या पेशी मूळच्या पेशींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या होत्या, असे १,२३० रुग्ण होते. त्यांतल्या एकाच्याही ग्रंथींत कॅन्सर नव्हता. म्हणजे अशा रुग्णांचं जठर वाचवता येणार होतं.

आता प्रत्यक्ष काम. डॉक्टर आधी डागाभोवती, थोडी जागा सोडून, विजेच्या सुईने ठिपके मारतात. मग बारीक सुईने अस्तराखाली द्रव सोडतात, त्यात निळा रंग मिसळलेला असतो. तव्यावर फुलक्याचा पापुद्रा सुटून वर यावा तसं अस्तर स्नायूपासून अलग होऊन फुगतं. या क्षणाचं मला सर्वांत नवल वाटतं: जिथे जागाच नव्हती तिथे थेंबाथेंबाने जागा तयार होते. ठिपक्यांबाहेरून अस्तर कापत गेलं की टोकावर पारदर्शक टोपी असलेली दुर्बीण त्या कपारीत शिरते. समोर निळसर तंतू, अधूनमधून लालसर रक्तवाहिन्या. तंतू कापायचे, वाहिन्या आधी जाळून बंद करायच्या. खाली स्नायू आहे आणि त्याला भोक पडलं तर जठर फाटतं. जपानच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी यासाठी विजेच्या चाकूच्या टोकाला चिनीमातीचा बारीक मणी बसवला. मण्यातून वीज जात नाही, त्यामुळे चाकू आडवा कापतो, पण खाली घुसत नाही. एवढ्या साध्या युक्तीवर किती जठरं वाचली असतील!

तरीही रक्तस्राव होतो, कधी भोकही पडतं; ते बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करता येतं.

बाहेर आलेला तुकडा टाचण्यांनी पसरून फळीवर ताणतात, फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि दोन-दोन मिलिमीटरवर काप घेतात. खरा निकाल इथे लागतो. कडा स्वच्छ आहेत का? कॅन्सर अस्तराच्या तळापासून अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेलाय का? गेला असेल, तर सहसा मोठ्या ऑपरेशनचा सल्ला दिला जातो. जठरात राहिलेली जखम आम्ल कमी करणाऱ्या औषधांवर साधारण आठ आठवड्यांत भरते.

आपल्याकडे बहुतेक रुग्ण डॉक्टरांकडे येतात तेव्हा कॅन्सर स्नायूच्याही पार गेलेला असतो, कारण वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्यांवर निभावून नेलेलं असतं. तिथे या चाकूचा उपयोग नाही. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं अपचन, शौचास डांबरासारखं काळं होणं, कारण नसताना घटणारं वजन, यांतलं काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलू नये, असं मी कळकळीने सांगेन.

आणि ज्यांचं जठर वाचलं, त्यांची तपासणी संपत नाही. ज्या अस्तरात एक कॅन्सर उगवला, त्यात दुसरीकडेही उगवू शकतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला तर औषधांनी तो घालवतात, त्याने धोका घटतो, पण शून्य होत नाही. म्हणून साधारण दर वर्षी दुर्बीण पुन्हा आत जाते आणि डॉक्टर सगळं अस्तर नव्याने तपासून पाहतात.