90 दिवस झाले, आरोपपत्र नाही. मग आरोपी आपोआप सुटतो का?

‘आरोपीची रवानगी न्यायालयीन कोठडीत’ ही ओळ बातम्यांमध्ये रोज दिसते. पण ही कोठडी किती दिवस चालू शकते?

अटकेनंतरची पहिली मर्यादा बहुतेकांना माहीत असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार, अटक झालेल्या व्यक्तीला 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. रविवार असो की दिवाळी, हा नियम बदलत नाही. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर त्याला पोलीस ठाण्यातूनच सोडावं लागतं.

गुन्हा अजामीनपात्र असेल आणि मॅजिस्ट्रेटने कोठडी दिली, तर दुसरं घड्याळ सुरू होतं. त्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

60 की 90?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मध्ये ही मुदत आहे. जुन्या कायद्यात ती कलम 167 मध्ये होती. फाशी, जन्मठेप किंवा किमान 10 वर्षं कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांना तपास पूर्ण करून आरोपपत्र दाखल करायला 90 दिवस मिळतात. बाकीच्या गुन्ह्यांत 60. यूएपीए किंवा मकोका लावला असेल, तर कोर्टाच्या परवानगीने ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढते.

तेवढ्यात आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यालाच ‘डिफॉल्ट जामीन’ म्हणतात. इथे कोर्ट पुरावे तपासत नाही, गुन्ह्याचं गांभीर्यही बघत नाही. फक्त दिवस मोजतं.

ही मोजणीही वादाची होती. ज्या दिवशी कोठडी दिली, तो दिवस धरायचा की नाही? डीएचएफएलच्या कपिल वाधवान यांच्या प्रकरणात सगळा वाद याच एका दिवसाचा होता. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो दिवस धरायचा, असा निकाल दिला. लक्षात घ्या, मोजणी अटकेपासून नाही, कोठडी मिळाल्यापासून होते.

मागितला तरच मिळतो

मुदत संपली म्हणून जेलचं दार आपोआप उघडत नाही. अर्ज करावा लागतो, तोही आरोपपत्र दाखल होण्याआधी. अर्ज करण्याआधी आरोपपत्र आलं, तर हा हक्क गेला. अर्ज आधी केला असेल, तर नंतर आलेल्या आरोपपत्राने तो जात नाही.

याची किंमत काय असते, हे भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं. तपासाची मुदत वाढवण्याचा अधिकार पुण्याच्या सत्र न्यायालयाला नव्हता, असं सांगत मुंबई हायकोर्टाने 1 डिसेंबर 2021 रोजी सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला. तोपर्यंत त्यांनी तीन वर्षं तुरुंगात काढली होती. त्याच प्रकरणातल्या इतर 8 जणांना मात्र नकार मिळाला, कारण त्यांनी वेळेत डिफॉल्ट जामीन मागितला नव्हता.

डिफॉल्ट जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालतोच. जातमुचलका किंवा जामीनदारही द्यावा लागतो, आणि अनेक गरीब कैदी नेमके इथेच अडकतात.

अर्ज लेखीच हवा असंही नाही. 2017 मध्ये आसामच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तोंडी केलेली मागणीही पुरेशी मानली, आणि आरोपीला या हक्काची कल्पना कोर्टानेच द्यावी, असंही सांगितलं. वकील परवडत नसेल, तर मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 हा टोल फ्री क्रमांक आहे.