ऊमरा, अम्राओटी, अमरावती

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला तेव्हा मुख्य मार्गावरचे स्थान लाभले ते बडनेऱ्यास, आणि कापसाची खरी पेठ असलेल्या अमरावतीस तेथपर्यंत तीन कोसांचा फाटा मागाहून जोडून घ्यावा लागला. अमरावतीची रुई मुंबईस व पुढे लिव्हरपूलला रवाना होई ती बडनेऱ्यावरूनच. मात्र विलायतेत तिची ओळख होती 'ऊमरावट्टी' ही. रोमन लिपीत आरंभी दोन 'ओ', मध्ये 'डब्ल्यू', मग दोन 'टी' आणि अखेरीस दोन 'ई', असा त्या नावाचा थाट! कानास जे भासले ते इंग्रजी वळणाने कागदावर उतरवून मोकळे व्हावे, हा अव्वल इंग्रजीतील अंमलदारांचा व सौदागरांचा शिरस्ताच होता. १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस दुर्मिळ झाला, हिंदुस्थानच्या रुईस अपूर्व भाव आला, आणि दलालांच्या तोंडी ते लांबलचक नाव आखडून नुसते 'ऊमरा' उरले.

पुढे सनदी नोकरीतील विल्यम हंटर यांनी १८७१ मध्ये स्थलनामांच्या रोमन लेखनाची पद्धतशीर मार्गदर्शिका सिद्ध केली. कलकत्ता व मुंबई यांची रूढ इंग्रजी रूपे तशीच राखली गेली. अमरावतीस ही सवलत मिळाली नाही आणि सरकारी दप्तरात ती 'अम्राओटी' झाली. यातला 'व' गेला कोठे? माझ्या मते हा फार्सी लेखणीचा प्रताप असावा. कारण त्या लिपीत 'वाव' हे एकच अक्षर 'व' आणि 'ओ' या दोहोंची चाकरी बजावते, आणि १८५३ च्या तहनाम्याने इंग्रजांकडे आलेला वऱ्हाडचा मुलूख तत्पूर्वी फार्सीत दप्तर ठेवणाऱ्या निजामाचा होता. यवतमाळच्या जुन्या इंग्रजी नावातही हाच 'ओ' घुसलेला दिसतो. वऱ्हाडचे 'बेरार' झाले तेही फार्सीच्याच वाटेने.

बाजाराने मात्र हंटरसाहेबांस जुमानले नाही. गॅझेटियरे इमानेइतबारे 'अम्राओटी' छापीत असता मुंबईच्या वायदेबाजारात विसाव्या शतकातही सौदे होत ते 'ऊमरा'चेच, आणि त्या सदरात केवळ वऱ्हाडचा नव्हे, तर खानदेशचा व मध्यप्रांताचा कापूसही बिनदिक्कत मोडत असे.