मसाई पठार सपाट कुणी केलं?

कोल्हापूर जिल्ह्यातलं म्हाळुंगे गाव मागे टाकून चढ संपला की मसाई पठाराची सपाटी एकदम समोर येते. झाडाचा आडोसा जवळजवळ नाहीच. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीचे जथ्थे इथून जातात. १६६० च्या पावसाळ्यात शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ते याच बाजूने. एरवी असतात ती गुरं, वारा आणि मसाईदेवीचं देऊळ. धुक्यातले काळे दगड आणि उथळ डबकी पाहताना हिमनदीने खरवडून काढलेल्या उत्तर युरोपातल्या माळांची आठवण होते.

बर्फाने मात्र या पठाराला कधी स्पर्श केलेला नाही. वीसेक हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हाही भारतातल्या हिमनद्या हिमालयातच होत्या. सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. एवढ्या उंचीवर या अक्षांशाला बर्फ टिकत नाही. महाराष्ट्रात हिमनदीची खूण पाहायची तर चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ जावं लागतं. तिथल्या चुनखडीवर समांतर ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी गोंडवनाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवाकडे होती. तेव्हा सरकत्या बर्फाच्या तळाला अडकलेल्या दगडांनी ते ओरखडे काढले. कोल्हापूरचा काळा पाषाण मात्र साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे त्या बर्फाहून खूपच तरुण.

मग ही सपाटी आली कुठून? काळ्या पाषाणावर ऊन आणि पाऊस दीर्घकाळ काम करत राहिले. पाण्याने त्यातली सिलिका, चुना, सोडा विरघळवून नेला. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तोच जांभा. उघड्यावर तो कडक होतो आणि खालच्या खडकाला टोपीसारखा झाकतो. भोवतीचा भाग ओढ्यांनी खोदून नेला, कासारी आणि वारणेची खोरी खोल गेली, टोपीखालचा माथा तेवढा उभा राहिला. इथल्या दगडावर ओरखडे शोधू नका, भोकं पाहा.

त्या भोकांतूनच पठाराचं जगणं चालतं. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपात बाहेर येतं. वरची माती जेमतेम बोटभर, तीही पावसाने धुतलेली आणि नत्राला पारखी. म्हणून श्रावण-भाद्रपदात इथे फुलणाऱ्या निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांनी वेगळी वाट काढली आहे. त्यांच्या मातीतल्या सूक्ष्म फुग्याला एखादा जलजीव टेकला, की फुगा सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात त्याला आत ओढतो. इतक्या नाजूक झाडाची इतकी चपळ शिकार मला दर पावसाळ्यात नव्याने थक्क करते.

या मातीवरून गाडी गेली, की चाकोरीतून पाणी वाहून जातं आणि त्याबरोबर बियाही. म्हणून गाड्या पायथ्याशी ठेवाव्यात, पठारावर पायीच फिरावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुसऱ्या काही सड्यांवर, म्हणजे अशाच जांभ्याच्या पठारांवर, याच थरातलं बॉक्साइट खणून काढलं गेलं आहे. जांभा गेला की पाणी मुरायची जागा जाते, आणि पायथ्याच्या वाड्यांचे झरे त्याच पाण्यावर असतात.